कोकम, हापूसची पेटी आणि कासवाच्या गावातलं घर: माझे तीन ब्रँडिंग प्रोजेक्ट, मतं हवीत

नवखी_रेषा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर गुहागर तालुक्यात. ज्युरीसमोर तीन ब्रँडिंग प्रोजेक्ट मांडायचे आहेत. मुंबईतलं कॅफे किंवा स्किनकेअर घेतलं तरी चालेल असं सरांनी सांगितलं होतं आणि वर्गातल्या निम्म्यांनी तेच घेतलंय. मला आपल्याकडचं काहीतरी करायचं होतं. चित्रं खाली डकवली आहेत. मोबाइलवर दिसत नसतील त्यांच्यासाठी वर्णन देते.

पहिला, आईच्या बचत गटाचं कोकम. आगळ, अमृत कोकम आणि आमसुलं. हे काम खरं आहे, लेबलं छापून या हंगामाच्या बाटल्यांवर लागणार आहेत. गडद जांभळ्यावर सोनेरी अक्षरं आणि कडेने चित्रकथी या लोककलेतल्या आकृत्यांची पट्टी. नाव इथे लिहीत नाही, नोंदणी व्हायची आहे.

दुसरा, कासवांच्या गावातल्या एका मावशींचं न्याहारी-निवास. बोधचिन्हात कासवाची पाठ म्हणजेच घराचं कौलारू छप्पर. दारावरची पाटी, किल्लीचा टॅग, चादरीवरचा शिक्का, जेवणाचं कार्ड, आणि समुद्राकडच्या कुंपणावर रात्री उजळणारं मोठं कासव.

तिसरा, हापूसची पेटी. हा फक्त कॉलेजपुरता, गिऱ्हाईक काल्पनिक. मातकट पुठ्ठा, त्यावर आंब्याच्या पानांच्या बारीक पिवळ्या रेषा, वरच्या झाकणावर 'देवगड हापूस' असं सुलेखन, कोपऱ्यात जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह.

माड, होडी आणि मावळता सूर्य तिन्हीकडे मुद्दाम टाळलेत. सर म्हणाले, मग हे कोकणातलं आहे हे कळणार कसं? तुम्हाला कळतं का? सोलून काढलंत तरी चालेल, ज्युरीत याहून वाईट होतं.


बाबल्या

गे बाय, माड काढलंस ता बरा केलंस. आमच्याकडे माड बघूक कोणाक पैसे पडनत नाय, मग बाटलेर कित्याक व्हयो? पण लेबल पाण्यात बुडवून बघितलंस काय?


चाकरमानी_डोंबिवली

कासवाची पाठ आणि कौलं, ही कल्पना फार आवडली. कोकमाचं लेबल बघून मात्र मला अत्तराची बाटली वाटली. आणि माडाबद्दल माझं मत वेगळं आहे. दादरच्या दुकानात दहा सरबतं ओळीने उभी असतात, त्यात माड दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. तुम्हाला तिथे राहून कंटाळा आला असेल हो, आम्हाला नाही आला. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.


छापखाना

तालुक्याच्या गावी प्रेस चालवतो, म्हणून कामापुरतं लिहितो.

सोनेरी रंग स्क्रीनवर सोनेरी दिसतो. चार रंगांच्या छपाईत तो मोहरीसारखा येतो. खरं सोनं हवं तर फॉइल किंवा मेटॅलिक शाई, दोन्हीचा खर्च वेगळा. बचत गटाच्या बाटलीला तो परवडत असेल तर माझी हरकत नाही.

क्रोमो कागदाचा स्टिकर घेऊ नकोस. आगळ मिठाचं असतं, भरताना बाटलीवरून ओघळतं, नंतर फ्रीजमध्ये बाटलीला घाम फुटतो. कागद फुगतो आणि कोपरे सुटतात. प्लास्टिक फिल्मचा स्टिकर थोडा महाग पडतो, पण टिकतो. घरच्या इंकजेटवर काढलेले नमुने ज्युरीला दाखव, बाटलीला लावू नकोस.

तीन वस्तूंची तीन वेगळी लेबलं केली आहेस. मुख्य लेबल एकच ठेव, फक्त एक पट्टी बदलती ठेव. छपाई एकदम निघते, उरलेली लेबलं वाया जात नाहीत.

फाईल पाठवताना अक्षरं आऊटलाइन करून, म्हणजे नुसते आकार करून पाठव. आमच्याकडे अजून श्रीलिपी या जुन्या फाँट-प्रणालीवर काम चालतं, तुझा युनिकोड फाँट इथे उघडला तर वेलांट्या कुठेही जाऊन बसतील.


ळ_प्रेमी

छापखानावाल्यांना अनुमोदन. अक्षरांपुरतं माझं थोडं.

जेवणाच्या कार्डावर देवनागरीतल्या अक्षरांमधलं अंतर वाढवलं आहेस. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि 'घावणे' या शब्दाची तीन वेगळी अक्षरं होतात. हवा खेळायला हवी असेल तर ओळींमधली वाढव. दुसरं, चौथ्या चित्रात 'किल्ली'ची ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या नंतर पडली आहे. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरच्या परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडलेला नसला की हे होतं. ज्युरीत मराठी वाचणारा एक जण असला तरी पहिली नजर तिथेच जाईल.

ल आणि श हिंदी वळणाचे आले आहेत. राज्य सरकारच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण स्पष्ट दिलेलं आहे, आणि ते देणारे फाँट मिळतात. फुकट आणि धंद्यासाठीही मोकळे हवे असतील तर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू बघ, लेबलावरच्या बारीक मजकुराला मुक्ता उत्तम. पण आंब्याच्या पेटीवरचं सुलेखन फाँटवर ढकललं नाहीस, हातानं केलंस, त्याचं खास कौतुक. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं मिळतील तिथून जमव आणि बघत बस. नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा, इतकी ताकद नुसत्या अक्षरात होती. तुझ्या 'देवगड हापूस'मध्ये अजून आंब्याचा स्वभाव नाही, लग्नपत्रिकेचा आहे.


नियमावली

खाद्यपदार्थांच्या परवान्यांची कामं करते. लेबल देखणं आहे, पण मागच्या बाजूने असं बाजारात गेलं तर अडकेल.

'पित्तावर रामबाण, वजन घटवते' हे आधी काढा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबाबतचे २०१८चे नियम आहेत, सरबताच्या बाटलीवर औषधाचा दावा करता येत नाही. आजी काय सांगते ते आजीला सांगू दे.

परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यं, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह किंमत, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. तारीख आणि बॅच दर घाण्याला बदलणार, म्हणून तिथे पांढरी कोरी चौकट सोडा. गटातल्या बायका रबरी शिक्का मारतात. तुमच्या जांभळ्यावर तो उठणारच नाही.

आणि सगळा मजकूर फक्त मराठीत आहे. सक्तीचा तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत असावाच लागतो, मराठी त्याच्या जोडीने चालते.


कट्टर_मराठी

काय सांगता? मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आणि महाराष्ट्रात बनवून महाराष्ट्रात विकायच्या बाटलीवर मराठी पुरेशी नाही? हा नियम कोणी केला?


नियमावली

केंद्राचा नियम आहे, वजनमापांचा आणि अन्नाचा, दोन्हीकडे. ब्रँडचं नाव, वर्णन, कृती, समोरची सगळी बाजू मराठीत हवी तेवढी मोठी करा, कुणी अडवत नाही. मागे लहान अक्षरांत इंग्रजी. मला पटतं म्हणून सांगत नाहीये, माल परत येऊ नये म्हणून सांगतेय.


संपादक

भाषाविषयक नियमांवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर घ्यावी. इथले सहा प्रतिसाद हलवले आहेत.


नाक्यावरचं_दुकान

हातखंब्याच्या अलीकडे हायवेला दुकान आहे. कोकम, काजू, फणसपोळी, आंबावडी, सगळं ठेवतो. इथे वरती बरंच शहाणपणाचं लिहून झालंय, मी गिऱ्हाईक काय बोलतं ते सांगतो.

गिऱ्हाईक ब्रँडचं नाव घेत नाही. "मागच्या खेपेला नेलं ते लाल झाकणाचं द्या," असं म्हणतं. "ती बाई असलेलं," असं म्हणतं. "बुटकी बाटली होती बघा." तीन-तीन वर्षं माल ठेवलेल्या गटांची नावं माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगता येणार नाहीत, झाकण सगळ्यांना आठवतं. एका गटाने मध्येच झाकणं बदलली, कारण घाऊकवाल्याकडे हिरवी स्वस्त मिळाली. लोक बाटली हातात घेऊन विचारायला लागले, हे ते नाही का?

तुझं लेबल जांभळं, आतलं आगळ त्याहून जांभळं. माझ्या फळीवर खालच्या कप्प्यात उजेड कमी असतो. तिथे तुझी बाटली म्हणजे काळोखच. समोर उन्हात ठेवावी तर कोकमाचा स्वतःचाच रंग विटतो, म्हणून मी ठेवत नाही. दुकानासमोर दिवसभर धूळ उडते, रोज ओल्या फडक्याने बाटल्या पुसाव्या लागतात. सोनेरी अक्षरं महिनाभर तरी टिकतील का ते त्या छापखान्याला विचार.

पण खरी गोष्ट याच्यापुढे आहे. आगळ आणि अमृत कोकम यांत लोकांचा रोज घोळ होतो. एक खारं, सोलकढीचं. एक साखरेचं, सरबताचं. बाटली तीच, रंग तोच, लेबल तेच, आणि कुठेतरी खाली बारीक अक्षरांत फरक लिहिलेला. गाडीतून उतरलेला माणूस पाच मिनिटं थांबतो, ड्रायव्हर हॉर्न देतो, तो कुठे बारीक वाचत बसणार? तुझ्या तिन्ही लेबलांत मला लांबून फरक दिसला नाही. माड टाक नाहीतर टाकू नकोस, खारं कुठलं आणि गोड कुठलं हे चार हातांवरून कळू दे.


कोथरूडकर

हा घोळ झालेला माणूस मीच. पाहुण्यांसमोर थंडगार पाण्यात आगळ घालून, वर बर्फ टाकून सरबत म्हणून दिलं. सासरेबुवांनी पूर्ण ग्लास संपवला, कारण त्यांना वाटलं कोकणात असंच पितात. बाटलीवर "एका भागाला किती पाणी, आणि कशासाठी" एवढं मोठ्या अक्षरांत असतं तर घरात अजून तो विषय निघाला नसता.


बाबल्या

सासऱ्याक नमस्कार सांगा. माणूस देव आसा.


वाळूतली_पावलं

कासव संवर्धनाच्या कामात स्वयंसेवक आहे, म्हणून फक्त दुसऱ्या प्रोजेक्टवर.

समुद्राकडच्या कुंपणावरचं उजळणारं कासव कृपया काढून टाक. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड पाण्यावरचा असतो. किनाऱ्यावर दिवा असला की ती उलटी, गावाकडे येतात, आणि मग कुत्री, कावळे, ऊन. माद्यासुद्धा अंडी घालायला उजेडाच्या किनाऱ्यावर चढायला कचरतात. वेळास, आंजर्ले या गावांनी कासवांच्या हंगामात पर्यटकांना टॉर्च आणि फ्लॅश बंद करायला शिकवलं, आणि त्याच पर्यटकांसाठीच्या घरावर कासवाच्याच आकाराचा दिवा लावायचा?

पाटी रस्त्याच्या बाजूला कर. रात्री सापडायला हवी तर खाली तोंड केलेला, झाकलेला मंद दिवा पुरतो. ही गोष्ट जेवणाच्या कार्डावर एका ओळीत लिहिलीस तर पाहुण्यांना मावशींच्या घराबद्दल दहा पोस्टरांपेक्षा जास्त कळेल.


खाडीकाठ

पाटीच्या साहित्याचंही बघ. चित्रात कापलेली लोखंडी अक्षरं दिसतात. खाऱ्या हवेत रंग दिलेलं लोखंड पहिल्या पावसाळ्यानंतर रडायला लागतं, भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात. स्टील घ्यायचं तर ३०४ दर्जाच्याही अंगावर समुद्राजवळ डाग पडतात, ३१६ टिकतं, पण मावशींना त्याचा भाव सांगून बघ. आमच्याकडे सागाच्या फळीवर कोरून रंग भरलेल्या पाट्या दरवर्षी गणपतीच्या आधी पुन्हा रंगवतात आणि छान चालतात. पावसाळ्यात तर अर्धं घर माडाच्या विणलेल्या झापांनी झाकलेलं असतं, पाटी कुठे लावलीस तर ती झापाबाहेर राहील ते मावशींना विचार. कौलारू कासव मात्र दोन इंचांच्या किल्लीच्या टॅगवरही ओळखू येतंय, ते हलवू नकोस.


कलमबाग

देवगडकडचा बागायतदार. पेटीवर 'देवगड' लिहिलंस, कारण अक्षर छान बसतं, बरोबर ना? ज्युरीला चालेल, आम्हाला नाही. हापूसला २०१८ साली जीआय मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांना. चिन्ह वापरायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. सीझनमध्ये कर्नाटकातला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, त्यावर आम्ही ओरडतो. चिन्ह शोभेला म्हणून कोपऱ्यात टाकायची सवय कॉलेजातच लागली तर ओरडून काय उपयोग? काल्पनिक गिऱ्हाईक आहे ना, मग काल्पनिक नोंदणी क्रमांकाला जागा तरी सोड. क्यूआर बागेपर्यंत नेणारा कर.

आता पेटी. सुलेखन वरच्या झाकणावर आहे. वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या थप्पीने रचतात, झाकण फक्त सगळ्यात वरच्या पेटीचं दिसतं. बाकीच्यांची आखूड बाजू दिसते, आणि तिथे तू भोकंच दिलेली नाहीस. आंबा आत श्वास घेतो, गरम होतो, हवा लागतेच. भोकं धरून डिझाइन कर. आमच्या जुन्या लाकडी पेट्यांवर बागायतदाराचा मार्का स्टेन्सिलने मारायचे, आखूड बाजूला, काळ्या रंगात. हमालाला पळता पळता दिसला पाहिजे एवढाच हिशेब. शेजारी डझन किती तो आकडा. तेव्हा आमच्यापैकी कुणी ब्रँडिंग शिकलं नव्हतं.


छापखाना

पुठ्ठ्यावर फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक ठशाने छापतात, बहुधा एक किंवा दोन रंग. बारीक रेषा शाईने भरून जातात. मातकट पुठ्ठ्यावर पिवळा छापलास तर शेणकट दिसेल, खाली पांढरा द्यावा लागेल, म्हणजे एक रंग तिथेच गेला. काळा आणि एक गडद हिरवा, जाड रेषा. कलमबाग म्हणतात तो मार्का त्यातूनच आलाय.


कुडाळची_सून

चित्रकथीच्या पट्टीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजातल्या घरांनी ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली. चित्रांच्या पोथ्या, रामायण-महाभारताच्या कथा, बाहुल्यांचे खेळ, सगळं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाहेरच्यांना पिंगुळी कळली. तुझ्या पट्टीतल्या आकृत्या इंटरनेटवरून घेऊन व्हेक्टर केलेल्या दिसतात, एका बाहेर आलेल्या डोळ्यावरून ओळखल्या. त्या कथेतल्या पात्रांचा कोकमाशी संबंध काय? आणि ज्यांच्या हातची रेषा आहे त्यांचं नाव कुठे आहे? वापरायचीच असेल तर पिंगुळीला जा, काम सांग, पैसे ठरव, लेबलावर नाव टाक. कोकमं फोडणाऱ्या बायका ते लोक तुला काढून देतील, आणि त्या फार सुंदर काढतील.


नवखी_रेषा

सगळ्यांचे खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकेका गोष्टीवर लिहिते, काही ठिकाणी वाद घालते.

कोकमाचं समोरचं लेबल आता पांढरट आहे. नाक्यावरच्या दुकानाचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, गटात त्यावर माझ्या डिझाइनपेक्षा जास्त चर्चा झाली. आगळाला गडद निळं झाकण आणि 'खारं', अमृत कोकमाला लाल झाकण आणि 'गोड', दोन्ही शब्द ब्रँडच्या नावाएवढे. त्याखाली कोथरूडकरांच्या सासऱ्यांसाठी पाण्याचं प्रमाण. आईने दुकानात जाऊन आधी झाकणं वर्षभर त्याच रंगांची मिळतील ना हे विचारलं, हे मला सुचलं नव्हतं. पट्टी बदलती, मुख्य लेबल एकच. शिक्क्याची चौकट ठेवली आहे. रामबाण गेलं, गटातल्या एका काकूंना वाईट वाटलंय.

पिंगुळीला पुढच्या आठवड्यात जाते आहे. बजेट आईशी बोलून ठरवलं, फॉइलचे पैसे वाचले ते तिकडे. जुळलं नाही तर पट्टीच नसेल.

कासवाचा दिवा गेला. मावशींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मी तो लावलाच नसता, वीजबिल कोण भरणार.

पेटीवर आता देवगड नाही. मार्का हाच विषय घेतलाय: आखूड बाजू, भोकांच्या दोन रांगा, त्यांच्यामध्ये जाड स्टेन्सिल अक्षरं, एकच काळा रंग, डझनाचा आकडा सगळ्यात मोठा. ळ_प्रेमी, लग्नपत्रिका मिटली.

वाद फक्त माडावर. चाकरमानी काका, तुमचा हात माडाकडे जातो हे खरं, पण दहाच्या दहा बाटल्यांवर माड असेल तर तो कुठल्या बाटलीकडे जातो? ज्यांनी पहिल्यांदा माड छापला त्यांना त्याचा फायदा झाला असेल, अकराव्या बाटलीला काय? सरांनाही हेच सांगणार आहे. कोकण आहे हे पत्त्यावरून कळतं, चवीवरून कळतं. माझ्या बाटलीने आईच्या गटाची ओळख सांगायला हवी.


चाकरमानी_डोंबिवली

वाद मान्य, पूर्णपणे पटला नाही. माझी बायको म्हणते निळं झाकण औषधाचं वाटतं. पुढच्या वेळी गावी येताना तुझी बाटली घेईन आणि मग बोलेन. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).


ळ_प्रेमी

नवीन लेबलातलं 'खारं' झकास उतरलंय. र आणि त्यावरचा अनुस्वार किंचित दूर कर, लहान आकारात चिकटतील. पैशांचं काही ठरवलंस का? आईचा गट म्हणून फुकट करत असशील तर कर, पण कागदावर बिल काढ आणि त्यावर सूट दाखव. पुढचा गट येईल तेव्हा भाव ठाऊक असेल. मावशींकडून मात्र पैसे घे, दोन रात्रींचा मुक्काम हेसुद्धा पैसेच.


नियमावली

नावाची ट्रेडमार्क नोंदणी करणार आहात ना? सरबतं ३२व्या वर्गात येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४५०० रुपये शुल्क आहे. अर्जाआधी नाव कुणी घेतलंय का ते नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नुसतं गावाचं किंवा फळाचं नाव असेल तर सहसा मिळत नाही. आणि नोंदणी होईपर्यंत वर्तुळातलं आर छापू नका, टीएम चालेल.


नाक्यावरचं_दुकान

दोन्ही झाकणांच्या डझनभर बाटल्या पाठव, खालच्या कप्प्यात ठेवून बघतो. विकली गेली की पैसे, उरलेल्या परत. फोटोत दिसते त्यापेक्षा बाटली उंच असेल तर आधी सांग, वरची फळी अडते.


छापखाना

लेबलाची पीडीएफ पाठव, सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत), तिन्ही बाजूंना नाही, चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा सोडून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीस तर मी उघडणार नाही. आणि या आठवड्यात पाठव. एकदा लग्नसराईच्या पत्रिका सुरू झाल्या की मशीन मोकळं मिळणार नाही.